काळी वायर आधी सोड

अगं, रात्री साडेनऊला फोन करून "ताई, बाबांची गाडी मेली" म्हणालीस तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. पुढच्या वाक्याला जीव भांड्यात पडला. किल्ली फिरवली की टक् करते आणि गप्प बसते, एवढंच ना? दिवे लागतात, हॉर्न वाजतो, काचा खाली-वर होतात, फक्त सेल्फ घेत नाही. आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निकाल दिला, "मॅडम, बॅटरी गेली, नवी टाकू."

थांब. पैसे काढू नकोस अजून.

तुला एक सांगते, पण तुझ्या-माझ्यात ठेव. तीन वर्षांपूर्वी मी अशीच एक नवीकोरी बॅटरी विनाकारण घेतली. जुनीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. लक्षणं हुबेहूब हीच. दुकानदाराने जुनी उचलली, नवी ठेवली, पहिल्या किल्लीला गाडी सुरू. जुनी त्याने भंगाराच्या भावात ठेवून घेतली, मी वर त्याला थँक्यू म्हणून आले. पाचव्या दिवशी राजाराम पुलाच्या सिग्नलला गाडी बंद पडली आणि परत तेच, टक्. मागे हॉर्नचा गदारोळ. दोन कॉलेजची पोरं उतरली, त्यांनी धक्का मारून दिला, मी दुसरा गिअर टाकून कसंबसं घर गाठलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली त्यांची. ते लेंगा-बनियनवर खाली आले, त्यांच्या गाडीच्या डिकीतून जंपर केबल काढली. मला वाटलं, आता शेजारी गाडी लावून करंट देणार. तर नाही. त्यांनी फक्त काळी वायर घेतली. एक चिमटा माझ्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावला, दुसरा इंजिनावरच्या एका उघड्या लोखंडी हुकाला. म्हणाले, "मार सेल्फ." मारला. गाडी अशी उठली जणू काही झालंच नव्हतं. चिमटा काढला, परत टक्. लावला, परत सुरू. काका हसले. "पोरी, तुझी जुनी बॅटरीपण चांगलीच होती. अर्थिंग गेलंय."

तुझ्या भावोजींना मी आजतागायत एवढंच सांगितलंय की केबल बदलली. बॅटरीचं ते अजून खरं मानतात.

तर आता तुला अर्थिंगचं समजावते, म्हणजे उद्या कुणी तोंडावर फेकाफेक केली तर तुला उत्तर देता येईल. गाडीत प्रत्येक दिव्याला दोन-दोन वायरी नसतात. पॉझिटिव्ह वायर जाते, आणि परतीचा प्रवास गाडीच्या लोखंडी अंगातून होतो. पण इंजिन बसवलेलं असतं रबराच्या गाद्यांवर, नाहीतर त्याची थरथर आपल्या दातांपर्यंत आली असती. रबरातून वीज जात नाही. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड काळी केबल थेट गिअरबॉक्सवर आणून कसलेली असते. तिच्या बाजूलाच एक बारीक वायर बॉडीला जाते. दिवे, हॉर्न, काचा सगळं त्या बारकीवर चालतं. सेल्फ मात्र जाड केबलीवर.

तू रत्नागिरीत राहतेस, तुला हायवेचं वेगळं सांगायला नको. एरवी मंगळवारी दुपारी मुंबई-गोवा हायवेचा एखादा तुकडा एकेरी असला तरी गाड्या निघून जातात. गणपतीच्या आदल्या दिवशी तोच तुकडा आठ-आठ तास अडवून धरतो. हेडलाइटच्या दोन्ही दिव्यांना मिळून साधारण १० अँपिअर लागतात, म्हणजे मंगळवारची दुपार. सेल्फ एका फटक्यात शंभर-दीडशे अँपिअर मागतो, म्हणजे गणपतीची गर्दी. केबल आतून कुजून तिचा विरोध नुसता ०.०१ ओहम झाला, तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच खलास. सेल्फच्या वाट्याला मग काय उरणार? टक्.

म्हणून दिवे झकास लागतात हा काही बॅटरी आणि वायरिंग शाबूत असल्याचा पुरावा नाही, आणि सेल्फ घेत नाही हा बॅटरी मेल्याचाही नाही. कधी खरंच बॅटरीच गेलेली असते बरं का. पाचेक वर्षं झालेली असेल तर मी तिची बाजू घेणार नाही. पण आधी बघायचं, मग विकत घ्यायचं.

कसं बघायचं? एक साधा डिजिटल मल्टिमीटर आण. इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो, सगळ्यात स्वस्तातला चालेल. त्याचं बटण डीसीच्या २० व्होल्टवर ठेव. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरीच्या दोन टोकांना लाव. १२.६ च्या आसपास आलं तर पोट भरलेलं. १२.४ म्हणजे थोडी भूक. १२ किंवा त्याखाली म्हणजे उतरली, आधी चार्ज करून घे, त्याशिवाय पुढची तपासणी फोल.

आता खरी गंमत. लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकव, रंगावर नाही. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, म्हणजे ती शिशाची गोल खुंटी असते ना, थेट तिच्यावर. तिच्याभोवतीच्या पट्ट्यावर नको. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. घरमालकीणबाईंच्या मुलाला किल्ली फिरवायला सांग आणि आकडा बघ. केबल धड असेल तर ०.२ व्होल्टच्या आत राहतो. ०.५ च्या वर गेला तर गुन्हेगार सापडला. मग काळं टोक खुंटीवरून उचलून पट्ट्यावर ठेव आणि परत सेल्फ मारायला लाव. आकडा एकदम पडला, तर खुंटी आणि पट्टा यांच्यामध्ये घाण आहे, नुसतं घासून काम भागेल. तसाच राहिला, तर केबल गेली किंवा तिचं पलीकडचं टोक सैल आहे. पलीकडच्या बोल्टला एकदा पाना लावून बघ. माझ्या एका मैत्रिणीचं तेवढ्यावर भागलं होतं, एक पैसा न खर्चता.

समज, केबलच निघाली. तर तूच बदलायचीस. मी फोनवर असेन.

पण हे फक्त काळ्या केबलीपुरतं, हं. लाल केबल, म्हणजे बॅटरीपासून सेल्फपर्यंतची, तिला पहिल्या खेपेला हात लावायचा नाही. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या खाली कुठेतरी लपलेलं असतं, गाडी उचलल्याशिवाय हात पोचत नाही, आणि जॅकवर उभ्या गाडीखाली तू शिरणार असलीस तर मी आत्ताच बाबांना फोन करते. शिवाय बऱ्याच गाड्यांत लाल पट्ट्यावरच मोठे फ्यूज बसवलेले असतात. ते काम मेकॅनिकचं. काळी केबल मात्र बॉनेट उघडलं की दोन्ही टोकांनी समोर दिसते. आणि शेजारच्या वहिनींना सांगून ठेव, त्यांची नवी गाडी तुझ्या नादाने उघडू नका म्हणावं. बऱ्याच नव्या गाड्यांच्या काळ्या पट्ट्यावर एक छोटा प्लास्टिकचा सेन्सर असतो, तो ओढाताण केली की गेला. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक असेल तर त्यातल्या जाड केशरी वायरींपासून चार हात लांब. बाबांची गाडी सुदैवाने या सगळ्याच्या आधीची आहे.

आता नीट ऐक, हे मी ओरडून सांगतेय असं समज. बांगड्या काढ. अंगठी काढ. मंगळसूत्र काढून घरात ठेव, ब्लाउजमध्ये खुपसून नाही. ओढणी नकोच, केस वर बांध. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण सोनं वीज वाहण्यात तांब्याच्या खालोखाल. तुझी बांगडी एका बाजूला लाल टोकाला आणि दुसऱ्या बाजूला गाडीच्या पत्र्याला टेकली, तर शेकडो अँपिअर तिच्यातून धावतात आणि ती काढायच्या आत लालबुंद होते. काकांच्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा डाग आहे. स्टीलचा पट्टा होता. चाळीस वर्षांपूर्वीचा डाग, अजून कडी न् कडी मोजता येते.

म्हणूनच काळी वायर आधी सोडायची आणि लावताना सगळ्यात शेवटी. घोकून ठेव. काळी जोडलेली असताना लाल सोडायला गेलीस आणि पाना घसरून पत्र्याला लागला, तर पान्यातून शॉर्ट. काळी सुटलेली असली की पाना पत्र्याला कुठेही लागो, परतीची वाटच बंद. तरीही दहा नंबरच्या पान्याच्या दांड्याला मी काळी टेप गुंडाळते. काका हसतात. हसू देत.

बॅटरीजवळ काडी, लायटर, उदबत्ती काही नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, तो भप्पकन पेटतो. खंडेनवमीला पाना-पक्कडीला हळदकुंकू वाहू, गाडीला हार घालू, पण उदबत्ती ओवाळायची ती बॉनेट बंद करून. आतल्या पाण्यात गंधकाचं आम्ल असतं, तेव्हा डोळ्यांवर चष्मा ठेव, तुझा नंबरचा चालेल. हातावर काही उडालंच तर नळाखाली धर, बराच वेळ.

बॉनेट उघडल्यावर निगेटिव्हच्या पट्ट्यावर तुला पांढरी-निळसर बुरशी दिसेल, मोरचुदासारखी. रत्नागिरीची खारी हवा आणि वर हा श्रावण, नसली तरच नवल. तिच्यावर फुंकर मारू नकोस, हात लावू नकोस. एका वाटीत कोमट पाणी, चमचाभर खायचा सोडा, आणि जुन्या टूथब्रशने हळूहळू लाव. ढोकळ्याच्या पिठात शेवटी सोडा घातल्यावर पीठ कसं फुलून येतं, तसं ते फसफसतं. बघायला मजा येते, पण पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नकोस, नाहीतर आतलं आम्लच मारशील. फसफस थांबली की साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून घे.

मग काळ्या पट्ट्याचा नट सैल कर. सैल, पूर्ण काढायची गरज नाही. पट्टा वर निघत नसेल तर हातोडीने ठोकायचं नाही, पक्कडीने पिरगाळायचं नाही. शिसं मऊ असतं, खुंटी मुळातून हलली की मग खरंच नवी बॅटरी. हाताने हलकेच डावीउजवी फिरवत वर घे. अगदीच हटून बसला तर पट्ट्याच्या फटीत स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून किंचित फाकव. माझी पंधरा मिनिटं गेली होती त्याच्यात. मी मधे एकदा रडकुंडीला आले आणि वर जाऊन चहा पिऊन आले. तूही जा. गाडी कुठे पळून जात नाही, ती तर सुरूच होत नाहीये.

पट्टा निघाला की तो कापडात गुंडाळून बाजूला कर, नाहीतर आपणहून परत खुंटीला जाऊन चिकटतो. आणि किल्ली खिशात असू दे, गाडीच्या आत नको. आता गिअरबॉक्सवरचा बोल्ट. तो बहुतेक बारा किंवा चौदा नंबरचा असेल. त्यासाठी उघडा पाना नको, रिंग पाना घे, नाहीतर कोपरे झिजतात. चिखल-तेलाने माखलेला असेल, आधी पुसून तारेच्या ब्रशने घास. सोडण्याआधी फोनने दोन फोटो काढ: कुठली वायर कुठे, केबल कुठून वळसा घेऊन गेलीय. तुला वाटेल, दोनच तर टोकं आहेत, त्यात काय लक्षात ठेवायचं! मलाही असंच वाटलं होतं. त्या बारीक बॉडीच्या वायरीचं टोक मी विसरले, आणि सगळं कसून झाल्यावर हेडलाइट मेणबत्तीसारखे पेटले.

जुनी केबल हातात आली की पट्ट्यापाशी दाबून बघ. चांगली केबल सगळीकडे सारखी वाकते. कुजलेली पट्ट्यालगत काठीसारखी कडक लागते, किंवा वरचं रबर टम्म फुगलेलं असतं. माझी मी ब्लेडने उभी चिरली होती. वरून काळीभोर, गुळगुळीत, जशी शोरूममधून आली तशी. आत पट्ट्यापासून टीचभर अंतरापर्यंत तांब्याच्या जागी काळपट हिरवी भुकटी. नखाने खरवडली तर खाली पडली. शंभरेक बारीक तारांपैकी सलग अशा दहा-बाराच राहिल्या असतील. दुकानदाराने बॅटरी बदलताना केबल हलली, त्यातल्या चार तारा टेकल्या, म्हणून माझे ते चार दिवस गेले. ते बघून मला बॅटरीच्या पैशांचं जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढा राग आला की हे इतके दिवस डोळ्यांसमोर होतं.

याच कारणाने, कुणी म्हणालं की टोक कापून नवा पट्टा कसून देतो, तर कापलेल्या जागी तांबं बघ. लखलखीत लाल असेल तर हरकत नाही. काळं असेल तर आणखी कापून बघ, तिथेही काळं तर तो पट्टा म्हणजे किडलेल्या दातावर सोन्याची टोपी.

नवी केबल तयारच मिळते, दोन्ही टोकांना दाबून बसवलेली. तुझ्या गावात मिळाली तर बघ, नाहीतर मी नाना पेठेतून घेऊन पाठवते. तीन मापं मला व्हॉट्सॅप कर. लांबी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वळसा सरळ करून. गिअरबॉक्सकडच्या टोकाच्या भोकातून कुठला बोल्ट जातो. आणि बॅटरीच्या खुंट्यांचा फोटो, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. कारण छोट्या गाड्यांत खुंट्या दोन जातीच्या असतात, जाड आणि सडपातळ. शिवाय एकाच बॅटरीत निगेटिव्हची खुंटी पॉझिटिव्हपेक्षा मुद्दाम किंचित बारीक ठेवलेली असते. चुकीचा पट्टा आणला तर तो एक तर बसणार नाही, नाहीतर कितीही आवळला तरी गोल गोल फिरत राहील. मग लोक त्यात पत्र्याची पट्टी खोचतात. आपण खोचायची नाही.

जाडी जुन्याइतकी किंवा वरचढ, कमी मुळीच नको. गीझरला ४ चौरस मिलिमीटरची वायर असते, ही साधारण १६ ते २५ ची. दुकानात वरच्या रबराच्या जाडीला भुलायचं नाही. काही केबली वरून गलेलठ्ठ आणि आत तांबं नावालाच असतं. काहींत तर तांबं नसतंच, अॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा असतो. एक तार ब्लेडने खरवडली की कळतं, आत पांढरी निघाली की ठेव परत. उलटही होतं, वरून चंदेरी आणि खरवडल्यावर आत लाल, ते कल्हई केलेलं तांबं. ते उत्तम.

बसवणं हे काढण्याच्या निम्म्याने सोपं. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घास, तिथे रंग, ग्रीस, गंज काही नको. पेपरचा तुकडा बोटाला गुंडाळून खुंटीलाही गोल गोल घास, शिसं चंदेरी दिसेस्तोवर. आधी गिअरबॉक्सचा बोल्ट, बॉडीची बारकी वायर, आणि सगळ्यात शेवटी बॅटरीचा पट्टा. खुंटीवर पूर्ण खाली बसव. जोडताना बारीकशी ठिणगी दिसेल, दचकू नकोस. नट इतपत आवळ की पट्टा हाताने फिरवून फिरत नाही. तेवढ्यावर थांब, दंड दाखवायला जाऊ नकोस. वरून पेट्रोलियम जेलीचं बोट फिरव. आधी लावायची नाही, वरून, म्हणजे हवा आत शिरत नाही.

मग किल्ली. सुरू झाली की मीटर बॅटरीला लाव, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दाखवायला हवं. पहिली काही मिनिटं इंजिन जरा हेलकावे खाईल, घड्याळ बारावर गेलेलं असेल, रेडिओ तुझी स्टेशनं विसरलेला असेल. ते होतंच.

गॅरेजवाल्याशी भांडायला जाऊ नकोस, लाल केबलीचं काम कधीतरी त्याच्याकडेच न्यायचंय. आणि शनिवारी पाऊस उघडला तर त्याच दिवशी काढ, रविवारची वाट बघू नकोस. मापं दुपारी एकच्या आत पाठव, पेठेतली दुकानं मला उशिरा गाठता येत नाहीत. फोन बॅटरीवर नाही, बाजूच्या डबड्यावर टेकवून ठेव, मला नट दिसला पाहिजे, तुझा चेहरा नको. जुनी केबल मात्र फेकू नकोस. गणपतीला येताना घेऊन ये, मला चिरून बघायचीय.